होडीतून माशांना दाणा टाकावा का? माझं मत : नको



गेल्या आठवड्यात पाण्यावरच्या मोटारीकडं गेलो, तर काठाला बांधलेल्या माझ्या होडीत तीन-चार पाहुणे पोरं बसलेली. हातात पावाचे पुडे. तुकडे तोडून पाण्यात टाकायचं आणि मोबाइलवर शूटिंग काढायचं, असं चाललेलं. मला बघून त्यातला एक म्हणाला, "काका, होडी तुमची का? काय भारी मासे येतात हो इथं!"

मी काही त्यांना रागावलो नाही. रागवायचं कुठल्या तोंडानं? त्या जागेवर माशांना यायची सवय लावणारा पहिला माणूस मीच. म्हणून आज ऊस-मका बाजूला ठेवून यावर लिहितोय.

आमचं रान उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. फुगवट्यावरच्या शेतकऱ्याचं जगणं तुम्हाला माहीत आहे. पाणी चढलं की मोटारी मागं घ्यायच्या, पाणी उतरलं की पाइप जोडत पुढं पळायचं, चाऱ्या खोदायच्या. उन्हाळ्यात फुटव्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकतं, ते काढायला होडी लागते. म्हणून पत्र्याची जुनी होडी घेतली आणि पाण्यातल्या बाभळीच्या वाळल्या खोडाला बांधून ठेवली.

संध्याकाळी लाइट यायची वाट बघत होडीत बसायचो. एक दिवस फडक्यातली उरलेली भाकरी कुस्करून टाकली. थोड्या वेळानं खालून बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं, आणि एक जाडजूड सायप्रिनस वर आला. तोंडाजवळ मिशा, अंगावर पिवळसर झाक. भाकरी गिळली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मक्याचा भरडा नेला. महिन्याभरात असं झालं की होडीच्या पत्र्यावर डबा दोनदा वाजवला की मासे हजर. सायप्रिनस, रोहू, कधी कटला. एकाची शेपटी फाटलेली होती, तो लगेच ओळखू यायचा. घरच्या गाई-म्हशींसारखा लळा लागला. नातवंडं सुट्टीला आली की आधी होडीकडं पळायची.

तीन-चार वर्षं हे चाललं. मग एका साली मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या तरी धरण मायनसमध्येच. पाणी पार आत गेलेलं, होडीही तिकडंच नेऊन बांधलेली. सकाळी गेलो तर होडीची गाठ वेगळी दिसली. माझी गाठ मला कळते. आत खवले पडलेले, एका कोपऱ्यात भरड्याचा सांडलेला पसारा आणि माझा डबा उलटा. रात्री कुणीतरी आलं होतं. बारीक जाळं आधी लावलं, आणि मग माझ्यासारखाच डबा वाजवला.

त्या दिवसांत मादीच्या पोटात गाबोळी असते. म्हणजे त्या रात्री नुसते मोठे मासे गेले नाहीत, पुढची पिलावळही गेली. फाटक्या शेपटीचा त्यानंतर कधी दिसला नाही.

आमच्याकडं एक म्हातारे मच्छीमार आहेत, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्यांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बापू, मासा लई भित्रा जीव. सावली पडली तरी पळतो. ती भीती तुम्ही काढून टाकली. आम्ही जाळं घेऊन हिंडतो ते पोटासाठी, तुम्ही दाणा टाकला तो मायेनं. पण माशाच्या हिशेबानं बघा, जास्त नुकसान कुणी केलं?"

यावर मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

माझ्या मते ही पहिली आणि मोठी गोष्ट आहे. रानातल्या जनावराचं भिणं हे त्याचं कुंपण असतं. आपण हातानं चारतो तेव्हा ते कुंपण काढतो आणि नंतर राखणीला मात्र थांबत नाही. गाय दावणीला बांधली तर तिची राखण, पाणी, दवाखाना सगळं आपल्यावर येतं. माशाला दाणा टाकून आपण घरी जातो. रात्री तिथं कोण येतं, याची जबाबदारी कुणाचीच नाही.

दुसरी गोष्ट खुराकाची. लग्नातला उरलेला भात, पुऱ्या गाईपुढं टाकल्या आणि गाय फुगून आडवी झाली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. डॉक्टर सांगतात की एकदम पिठूळ खाणं पोटात गेलं की आम्ल वाढतं. टाकणाऱ्याची भावना चांगलीच असते, पण गाय जाते ती जाते. माशाचं पोट वेगळं असलं तरी तिथंही ढीगभर पाव चालत नाही. सायप्रिनस, रोहू, कटला या जातीच्या माशांना आपल्यासारखं जठरच नसतं. तोंडात दात नाहीत, घशात दात असतात. तिथं चिरडलेलं अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून हा मासा दिवसभर थोडं थोडं टिपत हिंडतो. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म जीव-शेवाळ गाळून खातो, रोहू मधल्या थरात, मृगल आणि सायप्रिनस तळाच्या गाळात किडे-अळ्या शोधतात. तिघा-चौघांनी पाणी वाटून घेतलंय, जसं आपण आंतरपीक घेताना जमीन वाटून देतो. पाव टाकला की सगळे एकाच जागी, एकाच थरात गर्दी करतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. इथं कुणीही विचारेल, आणि बरोबर विचारेल, की उजनी ११७ टीएमसीची, तुमच्या दोन मुठी भरड्यानं तिला काय होणार? धरणाला काहीच होत नाही. पण आपण दाणा धरणाला टाकत नाही, एका कोपऱ्याला टाकतो. मे महिन्यात ओढ्याच्या तोंडाशी दोन-तीन फूट पाणी राहतं, तेही तापलेलं. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपासच. त्यातून शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं. शिळा पाव तळाशी कुजतो, तोही ओढतो. पहाटे सगळ्यात कमी राहतो. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतो. काठावरच्या माणसाला वाटतं, बघा कसे भुकेले आहेत! आणि तो आणखी पाव टाकतो. खरं म्हणजे तो मासा श्वास मागत असतो.

उजनीच्या पाण्यात खाण्याला तोटा नाहीच. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. आपल्या उसाचा युरिया, डीएपी पावसाबरोबर वाहून येतो. त्यावरच तर जलपर्णी आणि हिरवं शेवाळ माजतं. या पाण्याला अजीर्ण झालंय मंडळी, आणि अजीर्ण झालेल्याला आपण आग्रह करून वाढतोय.

शेततळ्यात खुराक घालत नाही का, असा प्रश्न येईल. मी स्वतः घालतो. पण तिथं हिशेब असतो. समजा तळ्यात ५०० मासे आहेत, जाळं टाकून काही तोलले आणि सरासरी २०० ग्रॅम भरले, म्हणजे तळ्यात १०० किलो मासा. वजनाच्या दोन टक्के धरला तर दिवसाला २ किलो खुराक. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी, छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधायची. रोज ठरलेली वेळ. दुसऱ्या दिवशी पोत्यात शिल्लक दिसलं की कमी करायचं. ढगाळ हवा असली, पहाटे मासे वर दिसले, की त्या दिवशी खुराक बंद. पाणी बदलायचं, हलवायचं, ते आपल्या हातात असतं. उघड्या पाण्यात मासे किती, वजन किती, आधी कुणी काय टाकून गेलं, काहीच ठाऊक नसतं. जिथं हिशेब धरता येत नाही तिथं खुराक घालू नये, असा माझा साधा नियम आहे.

आता श्रद्धेचं. आमच्या गावातही अमावास्येला कणकेचे गोळे पाण्यात सोडतात. माझी आई सोडायची. तिला मी कधी अडवलं नाही, आणि कुणाची टिंगलही करणार नाही. मुंगीला साखर, चिमणीला दाणा, ही आपली रीत चांगलीच आहे. पण रीतीतलं नेमकं काय धरायचं ते बघा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणी देवाचे म्हणून महाशीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. भाविक तिथं मुरमुरे-खोबरं टाकतात हे खरं. पण ते मासे मुरमुऱ्यांनी टिकले नाहीत. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा गावाचा शब्द आहे, त्यानं टिकले. आपण मुरमुरे तेवढे उचलले आणि राखण विसरलो. तुमच्या गावाची राखण असेल तर टाका चिमूटभर. नसेल तर हात आवरा.

आणखी एक, काही जण म्हणतात की हे मासे तरी कुठं जंगली, सगळं बीज सोडलेलंच. बरोबर आहे. रोहू, कटला, मृगल मूळचे गंगेकडचे. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून बीज सगळीकडं पोचलं. तो दिवस आपण मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतो. सायप्रिनस तर बाहेरच्या देशातून आणलेला. पण माणसानं सोडलेला असला तरी धरणात गेल्यावर तो स्वतःचं पोट स्वतः भरतो, आणि त्याच्यावर काठच्या मच्छीमारांची घरं चालतात. बोटुकली त्यांच्या घामाची असते. माझ्या हौसेनं त्यांचाच माल चोरांच्या जाळ्यात गेला, हे मला जास्त लागतं.

मग माशांवर माया असेल तर करायचं काय? मी जे करतोय ते सांगतो.

फवारणीचा पंप काठावर धुणं बंद केलं. धुतलेलं पाणी बांधावरच जिरवतो. माती तपासल्याशिवाय डीएपी टाकत नाही, आणि पाऊस तोंडावर असताना तर नाहीच. रान आणि पाणी यांच्या मधली दहा-पंधरा फुटांची पट्टी नांगरत नाही, तिथं गवत राखलंय. माती तिथंच अडते. पाणी चढलं की तेच गवत पाण्याखाली जातं आणि सायप्रिनस त्यावर अंडी चिकटवतो. एवढ्या एका पट्टीनं माशांचं जे भलं होतं, ते माझ्या चार वर्षांच्या भरड्यानं झालं नसेल. बारीक आसाचं जाळं दिसलं तर आण्णांच्या सोसायटीच्या लोकांना फोन करतो.

आणि होडीत बसणं काही सोडलेलं नाही. लाइटची वाट बघत अजूनही बसतो, पण डबा घरी. सुरुवातीला काही दिवस मासे यायचे, होडीभोवती फिरायचे. तेव्हा जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. मग हळूहळू यायचे थांबले, आणि मला बरं वाटलं. पुढं पाव टाकणारे आले आणि परत सवय लागली. म्हणून त्या पोरांना शेजारी बसवून हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "मग काका, नुसतं बसून बघायचं काय?"

मी म्हटलं, थांब जरा. सूर्य खाली गेला, वारा पडला. लांब मधल्या पाण्यात एक मोठा मासा उडाला, धप्पकन आवाज झाला, आणि वर्तुळं काठापर्यंत आली. पोरांनी मोबाइल काढेपर्यंत सगळं शांत. उरलेले पुडे त्यांनी पिशवीत घातले.

पटलं तर आपल्या काठच्या चार जणांना सांगा. आणि कुणा मत्स्य अभ्यासकाला माझ्या लिहिण्यात चूक दिसली तर मोकळेपणानं सांगा, दुरुस्त करीन. शाळा दहावीपर्यंतच झाली आहे, शिकणं चालू आहे.