काळ्या दोऱ्याखालचा पाय

रिसोड तालुक्यातल्या केनवडला सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत एका ओसरीवर बसलो होतो. घरच्या बाई चहा ठेवून खाली बसल्या आणि बसता बसता त्यांनी डाव्या पायावर लुगड्याचा काठ ओढून घेतला. पाहुण्यासमोर पदर सारखा करावा, तितक्या सहज.

पाय दाखवायला त्या बऱ्याच आढेवेढ्यांनी तयार झाल्या. घोट्यावरची कातडी काळपट तपकिरी, चामड्यासारखी टणक. आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम, तिच्यावर हळद थापलेली. बोटं सुजून जोडवी मांसात रुतलेली. घोट्याच्या वर काळा दोरा, आणि त्याच्या वर-खाली सूज उतू गेलेली. "कोनाची तरी नजर लागली भाऊ, म्हून बांधला."

तिसऱ्या बाळंतपणात शिरा फुगल्या होत्या. तेव्हा सकाळी सूज उतरायची, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

या पायात करणी-बिरणी काही नाही. पायातलं रक्त वर चढवायला शिरांमध्ये झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, घोटा काळवंडतो, कातडी फुटते. जास्तीचं पाणी लसीकावाहिन्या ओढून नेतात. वर्षानुवर्षं तो भार वाहून त्याही थकतात. मग सूज सकाळीही उतरत नाही, पायाच्या दुसऱ्या बोटावरची कातडी चिमटीत येत नाही. रात्री पाय छातीपेक्षा उंच ठेवणं, डॉक्टरांनी तपासून दिलेली घट्ट पट्टी, साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, एवढ्यानंही अशा पायाला पुष्कळ उतार पडतो. हे सुरुवातीलाच करता आलं असतं. पण दिवसभर वाकून सोंगणी आणि संध्याकाळी चूल, यात पाय उंच करून पडलेल्या बाईला आपल्याकडं आळशी म्हणतात. बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर गोठ्यात येतो. बाईच्या पायाला बुवाचा दोरा पुरतो!

आणि या पायाला गावानं नाव ठेवलं 'हत्तीपाय'. तो हत्तीरोग नाही, पण नाव पडलं की घरात सोयरीक जुळायची पंचाईत. खरा हत्तीरोग पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. डासाच्या चाव्यातून जंत शरीरात शिरतो आणि लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो. हा क्युलेक्स डास वाढतो कुठं? आपण दारापुढं सोडलेल्या नालीत. सुश्रुतसंहितेतसुद्धा श्लीपद म्हणजे हत्तीरोग जुनं पाणी साचणाऱ्या प्रदेशांत विशेष होतो, अशी नोंद आहे. गाडगेबाबा याच वऱ्हाडात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आपण बाबांचा फोटो ग्रामपंचायतीत लावला आणि खराटा सफाई कामगाराच्या हाती दिला.

नागपूर जिल्ह्यात 2019 पासून वर्षातून एकदा हत्तीरोगावरच्या तीन औषधांच्या गोळ्या एकत्र देऊ लागले. कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या, असा नियम. तिथं शिकलेली माणसंच म्हणतात, ठेवा, जेवल्यावर घेतो; आणि गोळ्या खिडकीतून बाहेर जातात. कोणाला थोडा ताप आला की अफवा उठते. तो ताप बहुधा रक्तातले जंत मरत असल्याचा असतो, हे सांगायला कोणी पुढं येत नाही. ज्याच्या अंगात जंत आहे आणि पाय मात्र धडधाकट आहे, तोच डासामार्फत शेजाऱ्याला रोग देतो. वर सुजलेल्या पायाला हसतोही तोच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी ठणकू लागली तर मालीश करणाऱ्याला बोलवू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हाती लागत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या ओसरीवर मी कात्री मागितली. बाईंनी दोरा स्वतःच कापला. त्याखाली कातडी चिरली होती. मग मी जोडव्यांकडं बोट दाखवलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीनं काढू नाही." बाईंनी काठ पुन्हा पायावर ओढला. "मालकाले इचारा लागन भाऊ," त्या म्हणाल्या, "ते वावरातून आल्यावर."