गाणे ऐका, घर कशाला धुंडाळता?

रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्याच ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवू लागला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो एड्सने गेला. आजही त्याचा विषय निघाला की आधी आजार आणि शेज. १९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या त्याच्या गाण्यात एकावर एक रचलेले आवाज मागाहून. हा अन्याय आहे. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाने जरूर करावा, पण कुणी कुणावर प्रेम केले हा गुन्हा नव्हे. विधवेशी विवाह केला म्हणून १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांवर मुरूडकरांनी बहिष्कार घातला होता. त्यांचे नाव मिरवणाऱ्या पुण्यातल्या कर्वेनगरात तरी रॉक वाजवणाऱ्या पोरांची पारख त्यांच्या केसांवरून, मैत्रीवरून होऊ नये. सूर ढळला, ठेका चुकला, तर बेलाशक झोडपा.