लेकीच्या ताटातलं लोह

या महिन्यात झटपट डब्यांविषयी लिहायचं ठरवलं होतं. पण मध्यंतरी घरात एक गोष्ट घडली आणि विषय थोडा वळवावा लागला. झटपट पदार्थ पुढे येतीलच.

पावसाळ्यात आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. आमची धाकटी त्याच शाळेत नववीत आहे. पथकातल्या डॉक्टर बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि चिठ्ठी लिहून दिली: हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तपासलं तर ८.७ निघालं. तिच्या वयाच्या मुलीचं किमान १२ हवं.

आम्हाला आधी राग आला, मग लाज वाटली. वर्गात लोहाची कमतरता आम्हीच शिकवतो. फळ्यावर तक्ता काढतो, मुलींकडून पाठ करून घेतो. प्रार्थनेला उभ्या असलेल्या एखाद्या मुलीला चक्कर आली की ‘काही खाऊन आलीस का?’ असं विचारणाऱ्याही आम्हीच. आणि राहतो कुठे, तर पंचवटीत! दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून भाजीच्या गाड्या भरून मुंबईकडे सुटतात. बुधवारी गंगेवरच्या बाजारात मेथी, शेपू, हरभऱ्याचा पाला यांचे ढीग लागतात. घरात जुम्म्याला आणि रविवारी मटण असतंच. मग लोह गेलं कुठे?

त्या जुम्म्याला आम्ही मुद्दाम दस्तरखानाकडे नीट पाहिलं. सासूबाईंच्या हातात पळी. पहिल्या बोट्या मुलांच्या अब्बांना, मग थोरल्याला, कारण तो जिमला जातो, मग पाहुणे असतील तर पाहुण्यांना. लेक पाणी, लिंबू, कांदा आणण्यात. ती बसली तेव्हा पातेल्यात रस्सा, दोन बटाटे आणि एक नळी. आम्ही विचारलं, ‘तुला बोटी नको?’ ती म्हणाली, ‘अम्मी, मला रस्साच आवडतो.’

हे वाक्य आम्हीही आमच्या माहेरी म्हणत होतो. आवडतो म्हणून नव्हे, तर उरतो म्हणून. सासूबाईंना दोष देणार नाही. त्यांनी त्यांच्या सासूबाईंकडून पळी घेतली आणि वीस वर्षं ते वाढणं आम्ही डोळ्यांनी पाहत आलो.

आता गणित पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २२, त्याच वयाच्या मुलीला ३०. मासिक पाळी सुरू झाली की दर महिन्याला रक्त जातं, ते भरून काढायचं असतं. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त लोह जिला लागतं, तिच्या ताटात सगळ्यांत कमी. हे एकट्या आमच्या घरचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त! अभ्यासात लक्ष नाही, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, सतत चिडचिड होते, यांतलं बरंच काही आपण ‘आळशी झालीय’ म्हणून सोडून देतो.

यावर कुणी म्हणेल, बीट द्या, डाळिंब द्या. आमच्या जिल्ह्यात मालेगाव-सटाण्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत, फळ उत्तम, जरूर खावं. पण लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. डाळिंबात आणि बिटात लोह अगदी थोडं असतं. खरं लोह आपल्या साध्या डब्यांत पडून आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही, बाजरीत सहाच्या वर आहे, मसूर आणि मटकीत सात ते आठ. नागलीत लोह बाजरीपेक्षा कमी, पण कॅल्शियम साडेतीनशेच्या वर, म्हणून तीही हवी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची नागली आपल्याकडे सहज मिळते.

फक्त एक अडचण आहे. धान्य-कडधान्यातलं लोह शरीर पटकन उचलत नाही, मांसातलं उचलतं. पण दोन्ही एकत्र शिजवले तर थोडंसं मांस डाळीतलं लोहही उचलायला मदत करतं. हे वाचलं तेव्हा आम्हाला दालचा आणि खिचडा आठवला. आपल्या आज्या डाळ, गहू आणि मटण एका पातेल्यात घालत होत्या, ते केवळ चवीसाठी असेल, पण होतं फार शहाणपणाचं. ते सणावारापुरतं न ठेवता रोजच्या घाईत कसं आणायचं, एवढाच प्रश्न.

आमच्याकडे आता आठवड्यातून दोनदा कीमा-मसूर होतो. अख्खा मसूर एक वाटी रात्री भिजत घालायचा. सकाळी कुकरमध्ये दोन चमचे तेलात कांदा परतायचा, आलं-लसूण, हळद, तिखट, धणे-जिऱ्याची पूड, दोन टोमॅटो. पाव किलो कीमा घालून पाणी आटेपर्यंत परतायचा, मग मसूर आणि दीड वाटी पाणी, चार शिट्ट्या. झाकण उघडलं की मूठभर चिरलेली मेथी घालून पाच मिनिटं उकळी. पाव किलो कीम्यात सहा माणसांचं होतं. नुसता कीमा केला असता तर अर्धा किलो लागला असता आणि तरी लेकीला रस्साच आला असता. डाळीत मिसळलेल्या कीम्याची बोटी कुणी वेचून घेऊ शकत नाही, हा त्याचा आम्हाला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो.

ताटात लिंबू हवंच. क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. पण लिंबू पातेल्यात उकळू नका, ताटात वरून पिळा. लिंबू महाग झालं की आवळा, पेरू, कच्चा कोबी, टोमॅटोची कोशिंबीर, काहीही चालतं.

कोंबडीची कलेजी मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि पंधरा मिनिटांत होते. धुऊन हळद-मीठ-लिंबू लावायचं, तव्यावर कांदा आणि मिऱ्याची पूड घालून परतायची. आतून गुलाबी राहू देऊ नका, पण फार वेळही ठेवू नका, रबर होते. आठवड्यातून एकदा पुरे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी, तीत अ जीवनसत्त्व फार असतं.

मांस परवडत नसेल त्या आठवड्यात मोड आलेली मटकी. नाशिककरांना मिसळ शिकवायला नको, पण मिसळीतून फरसाण, पाव आणि वरची तर्री वजा केली की उरते ती उसळ, आणि खरी कामाची तीच. मोड आल्याने लोह शोषायला सोपं होतं. रविवारी मोड आणून फ्रीजमध्ये ठेवले की तीन दिवस सकाळी दहा मिनिटांत उसळ होते. बाजरीची भाकरी रात्री दोन जास्त करा. सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर एक अंडं फोडून हलवलं की सात मिनिटांत नाश्ता. सात वाजताच्या शाळेलाही जमतं. आणि आजीची लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. टोमॅटोचा मसाला त्यात केला तर कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. फक्त भाजी त्यात ठेवून देऊ नका, काळी पडते.

हे सगळं करून वर चहा प्यालात तर बरंचसं पाण्यात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलं आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी चहा-टोस्ट किंवा चहा-खारी खाऊन येतात. तो नाश्ता म्हणजे साखर, मैदा आणि टॅनिन. मुलींना चहाची गरजच नाही. मोठ्यांचं कठीण आहे, आम्हालाही दुपारच्या जेवणानंतरचा कप सोडवेना. तो आता चार वाजता घेतो, पहिले आठ दिवस डोकं दुखलं. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावरचा चहा उचलून तरावीहनंतर ठेवता येतो. सहरीला मात्र हे जमणं अवघड, तिथे कप लहान करा, एवढंच म्हणू.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ८.७ चं हिमोग्लोबिन कीमा-मसूरने वर येत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. गोळीने पोट बिघडतं, शौच काळी होते, म्हणून बऱ्याच मुली चार दिवसांत सोडून देतात. शौच काळी होणं गोळीमुळेच असतं, घाबरू नये. पोट बिघडलं तर वेळ बदलून द्यावी, डॉक्टरांना विचारावं, पण बंद करू नये. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळीही मुली दप्तरात टाकून घरी आणतात. एकदा दप्तर तपासाच. गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. जेवण आहे ते वर आलेलं रक्त पुन्हा खाली जाऊ नये म्हणून.

तीन महिन्यांनी ११.४ आलं. गोळ्या अजून सुरू आहेत, पुढची तपासणी जानेवारीत. आता आम्ही स्वतःचीही करून घेतली. आमचं १०.२ निघालं. सासूबाईंनी दोन्ही कागद चष्मा लावून पाहिले, काही बोलल्या नाहीत.

गेल्या जुम्म्याला लेक नेहमीप्रमाणे पाणी आणायला उठली. सासूबाई म्हणाल्या, ‘बस बेटा, आज पाणी तुझा भाई आणेल.’ आणि पळीतून पहिल्या दोन बोट्या तिच्या ताटात. थोरला जरा वेळ बघत राहिला, मग उठून जग घेऊन आला. नळी त्याच्या वाट्याला आली. नळीत चव असते, लोह बोटीत, हे त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.