खोळंब्याचा सदुपयोग

मुंबईहून ऑस्ट्रेलियास निघालेल्या कुटुंबास वाटेंत सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पुढील विमानासाठीं कधीं कधीं आठ-दहा तास थांबावें लागतें. हा वेळ कित्येकजण घड्याळाकडे पाहत व कुरकुर करीत घालवितात. आमच्या मतें ही वेळेची उधळपट्टी होय.

साडेपांच तासांहून अधिक व चोवीस तासांहून कमी थांबणाऱ्या प्रवाशांस तेथील विमानतळाकडून शहराची विनामूल्य सहल घडविली जाते. ती सुमारें अडीच तासांत आटोपते. मात्र भारतीयांस बाहेर पडण्यास सामान्यतः प्रवेशपरवाना लागतो. त्याची चौकशी घरूनच करावी. परवाना नसल्यासही खंत नको. तिसऱ्या इमारतींत, आंतल्या बाजूसच, फुलपाखरांची बाग आहे. एकच स्थळ निवडावें, तें मन लावून पाहावें आणि विमान सुटण्यापूर्वीं पुरेसा वेळ राखून परतावें. सर्व कांहीं पाहूं म्हणणाऱ्याच्या पदरीं केवळ धांवपळ पडते.

विमानप्रवास सर्वांच्या नशिबीं नसतो हें खरें. परंतु आपल्या मानकोलीच्या गोदामांपुढें परप्रांतांतून आलेले मालमोटारींचे चालक माल उतरेपर्यंत तासचे तास खोळंबतात. त्यांस आपलें गांव म्हणजे परमुलूखच! सिंगापूर अनोळखी प्रवाशास आपलें शहर दाखवितें. आपण या पाहुण्यांस निदान गार पाणी, बसावयास सांवली व दोन गोड शब्द देतों काय? परदेशीं आपला वेळ कसा सत्कारणीं लावावा हें अवश्य शिकावें. परंतु दुसऱ्याचा खोळंबा सुखाचा करण्याचा धडा आजच, आपल्या नाक्यावर, गिरवितां येईल.