परिचारिकेचे युद्ध कोणाच्या हिशेबात?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी काँग्रेसने १९३८ साली जे पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. (त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ही गोष्ट मात्र आम्ही वैदर्भीय मंडळीसुद्धा क्वचितच सांगतो.) १९४० च्या लढाईत कोटणिसांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. सांगणारा तेथेच थांबतो. वस्तुतः बहात्तर तास शस्त्रक्रिया चालल्या, ह्याचा अर्थ तितका वेळ कोणी तरी हत्यारे उकळून देत होते, पट्ट्या धुऊन वाळवत होते आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्या उशाशी बसून होते. डॉक्टर टाके घालून पुढच्या जखमीकडे वळतो. मागच्याचा ताप, त्याची तहान आणि त्याची रात्र परिचारिकेच्या वाट्याला येते.

ग्वो छिंगलान ह्या अशाच एक परिचारिका. १९३९ साली त्या चीनच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाल्या आणि डॉ. बेथ्यून ह्यांच्या नावाने चाललेल्या वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवू लागल्या. १९४१ साली त्यांचा कोटणिसांशी विवाह झाला. १९४२ साली मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस निवर्तले. व्ही. शांताराम ह्यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना आपल्यापुढे आणले ते नायिका म्हणून, आणि पुढे २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत आपल्या लेखी त्या कोटणिसांच्या पत्नीच राहिल्या. रणभूमीवरील रुग्णालयात काम केलेली आणि इतरांना ते काम शिकविणारी स्त्री, ही त्यांची ओळख आपण करून घेतलीच नाही. ह्यात शांतारामबापूंना दोष देण्यात अर्थ नाही. युद्धाची गोष्ट सांगण्याची आपली रीतच तशी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचेही असेच झाले. हाती दिवा घेतलेली करुणामूर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु रणांगणावरील जखमांपेक्षा रुग्णालयातील रोगराईनेच अधिक सैनिक मरतात, हे आकडेवारीने आणि आकृत्यांनी सिद्ध करणारी, १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेची पहिली स्त्री सदस्य झालेली नाइटिंगेल आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसते. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ सैनिक दरसाल मरत, असे शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालात आहे. ह्या देशात एकदाही पाऊल न ठेवता नाइटिंगेल ह्यांनी त्या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आपण दिवा तेवढा जपून ठेवला, कोष्टके विसरलो.

आपल्याकडे सैनिकी परिचर्येचा आरंभ मुंबई बंदरात झाला. १८८८ साली दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका तेथे उतरल्या. अर्थात त्या गोऱ्या सैनिकांसाठी होत्या. देशी पलटणींतील जखमींच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. १९२६ साली भारतीय सैनिकी परिचर्या सेवा उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ च्या वटहुकुमाने, परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सिंगापूरला आझाद हिंद सेनेची झाशी राणी पलटण उभी राहिली आणि तिच्या परिचर्या पथकाला चांदबिबीचे नाव देण्यात आले. अहमदनगरचा किल्ला लढविणाऱ्या राणीचे नाव परिचारिकांना द्यावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला परिचर्या हेही युद्धच आहे हे कळले असावे.

त्या काळी देशात परिचारिका होत्या तरी किती? नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली हिशेब मांडला. सुमारे ३० कोटी लोकसंख्येला अवघ्या सात हजार, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण तीनशे माणसांमागे एक असे होते. एवढ्या तुटपुंज्या संख्येतून फौजेसाठी स्त्रिया पुढे आल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

युद्धकाळात परिचारिकेला काय करावे लागते? जखमींचा लोंढा येतो तेव्हा आधी कोणाकडे पाहायचे ते ठरवावे लागते, आणि सर्वांत मोठ्याने ओरडणारा बहुधा सर्वांत गंभीर नसतो. भाजलेल्याची पट्टी बदलताना तो जे बोलेल ते ऐकून घ्यावे लागते. हिमदंशाने काळी पडलेली बोटे रोज पाहावी लागतात. हात गमावलेल्या शिपायाचे पत्र लिहून द्यावे लागते, आणि त्यात काय लिहू नये हेही त्यानेच सांगितलेले असते. शिवाय शस्त्रसंधी झाली म्हणून हे काम थांबत नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. तेथील खाटांवर जुनी युद्धे कितीतरी काळ चालू राहिली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्या दोन सालांमध्ये रुग्णालयातले जे दिवस गेले, त्यांना मात्र पदक नसते.

प्रश्न केवळ स्मरणाचा असता तर एखाद्या स्मारकाने भागले असते. तो मोबदल्याचा आणि हक्काचाही आहे. राष्ट्रीय उत्पन्न शिकविताना आम्ही प्राध्यापक पिगूचे उदाहरण देतो: एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले की काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण वेतन बंद होते. (हे पिगू पहिल्या महायुद्धात सुट्टीच्या दिवसांत आघाडीवर रुग्णवाहिका चालवीत.) आपल्या फौजेने ह्या उदाहरणावरही ताण केली. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम ह्या परिचारिका मेजर जनरल झाल्या; त्या हुद्द्यावर पोचलेल्या भारतीय सेनेतील त्या पहिल्या स्त्री. आणि पुढच्याच वर्षीच्या सेना-आदेशात, सैनिकी परिचारिकेची नियुक्ती संपुष्टात आणण्याची जी कारणे दिली, त्यांत वैद्यकीय अपात्रता आणि गैरवर्तन ह्यांच्या पंक्तीला विवाह हे कारण बसविले होते. १९८८ साली एका लेफ्टनंट परिचारिकेला ह्याच कारणास्तव घरी पाठविण्यात आले. आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. परंतु तो नियम उघड उघड मनमानी होता, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून तिला साठ लाख रुपयांची भरपाई दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. छत्तीस वर्षे! माणसाची अख्खी नोकरी एवढ्या काळात होते.

निवृत्तीनंतर ह्या स्त्रियांना 'माजी सैनिक' म्हणून मोजायचे की नाही, हा वादही न्यायालयांपर्यंत गेला. एकीकडे त्यागाची स्तुती करायची आणि दुसरीकडे हक्काचा विषय निघाला की ही वेगळी सेवा आहे असे म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे. 'सेवा' हा शब्द फार सोयीचा आहे. त्याने श्रम पवित्र होतात, आणि जे पवित्र त्याची किंमत विचारणे असभ्य ठरते.

आमच्या वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न दूरचा वाटेल. येथे छावणी नाही. पण सोयाबीन-तुरीच्या शेतातून आलेल्या मुलीला 'नर्सिंगला टाकायचे' हा विचार येथील कितीतरी घरांत होतो, कारण नोकरी लवकर लागते. सैनिकी परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमाच्या देशभरातील २२० जागांपैकी ८० पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या 'अश्विनी' नौदल रुग्णालयात आहेत. शिक्षणाचा भार सरकार उचलते आणि पुढे अधिकारीपद मिळते. बारावीच्या वर्गशिक्षकांनी हे सांगावे. मात्र केवळ पांढऱ्या गणवेशाचे गुणगान न करता सेवाशर्ती, बंधपत्र आणि वर उल्लेखिलेला न्यायनिवाडा ह्यांसह सांगावे.

सरकारकडून अपेक्षा दोन. व्हाइसरॉयच्या काळातील, युद्धाच्या निकडीत काढलेल्या १९४३ च्या वटहुकुमाच्या जागी संसदेने रीतसर कायदा करावा आणि त्यात ह्या सेवेचा दर्जा व निवृत्तीनंतरचे हक्क निःसंदिग्धपणे लिहावेत. दुसरी, रुग्णालयांतील जुन्या नोंदी आणि निवृत्त परिचारिकांच्या आठवणी ह्यांचे संकलन विद्यापीठांच्या इतिहास विभागांमार्फत करवून घ्यावे. १९६२ आणि १९६५ सालच्या युद्धांत विशी-पंचविशीत असलेल्या परिचारिका आज ऐंशीच्या पुढे आहेत. ह्या कामाला वेळ फार थोडा उरला आहे.