भाचीचा चष्मा

आमच्या भाचीने चष्मा घालवण्यासाठी लेझरची शस्त्रक्रिया ठरवली आणि ताईच्या तोंडचे पाणी पळाले. "अरे, एवढा प्रखर प्रकाश डोळ्यात सोडणार, तर डोळा भाजणार नाही का?" मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न! पण थोरल्या बहिणीपुढे 'माझा विषय नव्हे' ही सबब चालत नाही. मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला गाठले. दोन कप चहात मिळालेले ज्ञान येणेप्रमाणे.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याचा पातळ पापुद्रा एक लेझर कापतो. नंबर घालवणारा लेझर दुसरा. कापणाऱ्याचा प्रकाश स्पंदांनी येतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज करा. अशा काहीशे तुकड्यांपुरताच एक स्पंद! तो कॉर्नियात बिनबोभाट शिरतो. भिंगाने जिथे एकवटला, त्याच ठिपक्यावर तो इतका तीव्र होतो, की एरवी पारदर्शक असलेला पदार्थ त्याला शोषू लागतो. तिथे सूक्ष्म बुडबुडा उठतो. शेजारी उष्णता पसरायला सवडच नसते. बुडबुड्याशेजारी बुडबुडा मांडत गेले, की पापुद्रा सुटतो.

प्रकाश दुप्पट तर परिणाम दुप्पट, हे त्रैराशिक इथे मोडते. म्हणून या प्रकाराला 'अरेषीय' म्हणतात. शब्द रुक्ष खरा, पण मला सुचलेले पर्याय त्याहून वाईट निघाले.

हा लेझर डोळ्यापर्यंत आला तो अपघाताने. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, जेरार मूरू या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा झोत गेला. नेत्रवैद्याने पाहिले, तो जखम विलक्षण नेटकी! हा कोणता लेझर, असे त्याने विचारले आणि पुढचे संशोधन सुरू झाले. (ही हकीकत मी ताईला सांगितलेली नाही.)

मुळात असे बलवान स्पंद तयार करणेच कठीण होते. तीव्र प्रकाशाने काचेचा अपवर्तनांक वाढतो. झोताचा मध्य अधिक तीव्र, म्हणून तो रेंगाळतो, कडा पुढे जातात, आणि सपाट काचसुद्धा भिंगासारखी वागू लागते. झोत आपणच आपल्याला आकसत नेतो आणि ज्या काचेतून शक्ती घ्यायची, तिलाच जाळतो. 1985 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात मूरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी तोड काढली. स्पंद 1.4 किलोमीटर लांब काचतंतूतून पाठवून आधी ताणला. तांबड्याकडचे रंग पुढे, निळ्याकडचे मागे. असा विरळ झालेला स्पंद निर्धोक बलवान केला, आणि शेवटी बारीक रेघा आखलेल्या पट्ट्यांवरून परतवून पुन्हा आखूड केला. त्याबद्दल 2018 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. स्ट्रिकलंडबाईंचा तो पहिलाच शोधनिबंध होता.