माळ्यावरचा खेळ

घर आवरावयास काढलें म्हणजे जुन्या वस्तूंचा न्यायनिवाडा करण्याची पाळी गृहिणीवर येते. तांब्यापितळेच्या भांड्यांचा निकाल लावणें सोपें, कारण त्यांचें मोल तराजू सांगतो. पोथ्यापुस्तकांविषयीं निदान घरांत वाद तरी होतो. परंतु खेळण्यांची बाजू मांडावयास सहसा कोणी पुढें येत नाहीं. ज्यांचीं तीं खेळणीं, तीं मुलें आतां मोठीं होऊन कचेरीस जाऊं लागलेलीं असतात.

आमच्या एका वाचक-भगिनींनीं असाच एक खटला आमच्यापुढें ठेवला आहे. वाडा पाडून तेथें नवी इमारत व्हावयाची आहे. सामान हलवितांना माळ्यावर यजमानांच्या बाळपणचा, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांतील, व्हिडिओ गेमचा संच निघाला. सासूबाई म्हणतात, तो भंगारांत द्यावा; यजमान म्हणतात, ठेवावा; आणि दहा वर्षांचे चिरंजीव म्हणतात कीं, हे सगळे खेळ मोबाईलवर फुकट मिळतात, मग या पेटीचें काम काय? बाईंचा प्रश्न असा कीं, तिघांत खरें कोणाचें? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण उत्तर देण्यापूर्वीं त्या पेटीचें कुळ पाहिलेलें बरें.

जपानांतील क्योतो शहरीं १८८९ सालीं फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविणारें एक दुकान निघालें. तेंच पुढें निन्टेंडो या नांवानें जगास माहीत झालें. पत्त्यांपासून आरंभ करणाऱ्या या कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र जपानांत विक्रीस काढलें. १९८५ सालीं तेंच यंत्र वेष पालटून अमेरिकेंत गेलें. दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक संच जगांत विकले गेले. आपल्याकडे मध्यम स्थितींतील घरांत जे संच आले, ते बहुतेक या यंत्राच्या नकला होत. त्यांत बसवावयाच्या डबीस आपण 'कॅसेट' म्हणूं लागलों. कित्येक कॅसेटींवर लाखों खेळ असल्याची बढाई छापलेली असे, आणि आंत तेच मोजके खेळ पुनःपुन्हा भरलेले असत!

या खेळांत खरोखर कांहीं गुण होता, कीं बाळपणाच्या आठवणीनें ते गोड वाटतात? १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हाच खेळ घ्या. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका यांनीं रचलेला हा बत्तीस टप्प्यांचा खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावला आहे. आज मोबाईलनें काढलेलें एक साधें छायाचित्रहि याहून कितीतरी पट मोठें असतें. जागा पुरावी म्हणून आकाशांतील ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांस एकच चित्र वापरलें आहे. पालटला आहे तो फक्त रंग. काटकसरीनें संसार चालविणाऱ्या गृहिणीस या युक्तीचें मर्म सांगावयास नको. शिवाय या खेळांत सूचना कोठेंहि लिहिलेली नाहीं. पहिल्याच दृश्यांत समोरून एक लहानसा शत्रु चालत येतो. उडी न मारल्यास डाव जातो, मारल्यास वांचतो. अक्षरओळख नसलेलें मूलहि दोन-तीन प्रयत्नांत नियम शिकतें. उत्तम शिक्षक याहून वेगळें काय करतो?

आतां चिरंजीवांचा मुद्दा. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या नकला बहुधा मालकाच्या अनुमतीवांचून केलेल्या असतात, ही गोष्ट त्यास घरांतील वडील माणसांनीं समजावून द्यावी. खुद्द निन्टेंडोनेंहि २०१६ सालीं तीस जुने खेळ आंत भरलेला एक चिमुकला संच काढला होता, आणि तो नव्या दूरदर्शन संचास सहज जोडतां येतो. तथापि नकलेंत सर्वच उतरतें असें नाहीं. त्या काळचा बदकें टिपण्याचा 'डक हंट' हा खेळ अनेकांस आठवत असेल. त्याची बंदूक कांहींच सोडीत नाहीं. ती केवळ पाहते. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागीं एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळींतील प्रकाशग्राही भागास आधीं अंधार व मग उजेड दिसला, तर नेम लागला असें यंत्र मानतें. जुन्या, जाड कांचेच्या दूरदर्शन संचावर हा चौकोन ठरल्या क्षणीं उमटतो. नव्या सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरां येतें, आणि बंदूक आंधळी होते! म्हणजे खेळ जपावयाचा तर पेटीबरोबर तो जुना पडदाहि जपावयास हवा.

आणि जें लोकप्रिय नव्हतें त्याची नक्कल तरी कोण करणार? अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के खेळ बाजारांत रीतसर मिळेनासे झाले होते.

येथें आम्हांस सावंतवाडीच्या गंजिफेची आठवण होते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा, असे दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते असतात. ही कला लोपत चालली असतां १९७० नंतरच्या दशकांत तेथील राजघराण्यांतील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं ती पुन्हां उभी केली. त्यामुळें ते सुंदर पत्ते आजहि रंगविले जातात. लोक हौसेनें ते विकत घेतात, भेट देतात, चौकटींत बसवून भिंतीवर लावतात. पण घेणाऱ्यांपैकीं कितीजणांस त्यांचा डाव मांडतां येतो? वस्तु टिकली, तरी खेळणारा हात नसेल तर खेळ टिकला असें म्हणवत नाहीं.

म्हणून आमचें मत असें. यजमानांनीं संच अवश्य ठेवावा, परंतु माळ्यावर नव्हे. प्रथम त्याचा ॲडॅप्टर मूळचाच आहे ना, हें पाहावें. भलत्या दाबाचा ॲडॅप्टर लावल्यास यंत्र जळतें. कॅसेटींत फुंकर मारण्याची बाळपणची संवय सोडावी, कारण श्वासांतील ओलाव्यानें आंतील धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीस थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पुसाव्या, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. संच चालेचना, तर सासूबाईंचें ऐकावें. पण भंगारवाल्यास न देतां दुरुस्तीची हौस असणाऱ्यास द्यावा, किंवा विजेच्या टाकाऊ वस्तु रीतसर घेणाऱ्या केंद्रांत पोंचवावा.

संच चालला, तर चिरंजीवांस शेजारीं बसवून प्रथम 'बॅटल सिटी' हा रणगाड्यांचा खेळ लावावा. त्यांत दोघे गडी मिळून एका गरुडाचें रक्षण करतात. आपल्याच गड्याची गोळी चुकून गरुडास लागली, तरी दोघांचाहि डाव तेथेंच संपतो. एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलास हा नियम चटकन् पटेल असें वाटतें. मोबाईलवर तो एकटा खेळतो. येथें दुसरा रिमोट वडिलांच्या हातांत असेल. वडिलांस ते डाव अजून आठवत आहेत आणि मुलास शेजारीं बसण्याची हौस आहे, तोंवरच हें साधून घ्यावें. दोहोंसहि फार वर्षें उरलेलीं नसतात.